लिली बोलतेय

मी एक हेडफोन बोलतोय. तुम्ही म्हणाल, हेडफोनने गुपचूप ऐकावं, बोलायचा आगाऊपणा कशाला? खरं आहे. पण बाबांनो, जन्मभर इकडचं तिकडे पोचवलं, माझं मात्र कोणी ऐकलं नाही. शिवाय माझ्यात कोणीतरी राहत होतं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. डोक्यावर बसणारी एक पट्टी, कानांवर दोन स्पंज आणि तोंडाशी वाकणारी माइकची नळी, एवढाच माझा संसार. खोक्यातून बाहेर आलो तो थेट एका गाद्या-उशा विकणाऱ्या कंपनीत. कंपनी कसली, दोन खोल्या आणि मागे गोदाम. साहेब आणि त्यांची धाकटी बहीण, दोघांनी मिळून उभी केलेली. साहेब माल बघायचे, बहीण फोन सांभाळायची. तिला सगळे लिली म्हणत. माझी पहिली मालकीण तीच.

लिलीच्या जिभेवर साखर होती. कोणाची पाठ दुखते, कोणाची सून बाळंत झाली, सगळं तिच्या लक्षात. गादी खपवायची घाई तिला कधीच नसे. फोन ठेवताना मात्र एक वाक्य ठरलेलं, "नीट झोपा हं, उशीला माझा नमस्कार सांगा." लोक हसत आणि चार दिवसांनी गादी मागवत.

मग लिली आजारी पडली. बोलता बोलता धाप लागली की ती माझी नळी बाजूला सारायची, श्वास घ्यायची आणि हसत पुन्हा सुरू व्हायची. एका दुपारी तिने मला टेबलावर ठेवलं आणि ती दवाखान्यात गेली. तिथून काही ती परत आली नाही.

साहेबांनी रडायचं सोडून भलतंच केलं. ग्राहकांना त्यांनी सांगितलंच नाही. गावात एक कॉलेज होतं, तिथे दूरदूरच्या देशांतून मुलं मार्केटिंग आणि बिझनेस मॅनेजमेंट शिकायला येत. या शिक्षणात शेवटचे काही महिने खऱ्या कंपनीत काम करावं लागतं, आणि तिथल्या साहेबाने चांगला शेरा दिल्याशिवाय पदवी मिळत नाही. साहेबांनी कॉलेजला कळवलं, आमच्याकडे मुली पाठवा. तेव्हापासून शिकाऊ मुली येत राहिल्या, आणि मी जिच्या डोक्यावर बसलो ती त्या दिवसापासून लिली.

साहेब प्रत्येकीला हेच समजावत की माणसं येतात आणि जातात, ब्रँड टिकला पाहिजे. मुली माना डोलवत, कारण त्यांच्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असे. मग साहेब लिलीचं जुनं रेकॉर्डिंग लावत. कुठे हसायचं, कुठे थांबायचं, सगळं घोटून घेत. मला तेव्हा कसंतरीच व्हायचं. मेलेल्या मुलीचा आवाज माझ्या स्पंजातून जिवंत मुलीच्या कानात जायचा आणि थोड्या दिवसांनी तिच्या तोंडातून तोच माझ्या नळीत परत यायचा.

संध्याकाळी कामं आटोपत आली की लाइनवर हटकून एक फोन येई. मुलगी म्हणे, "नमस्कार, लिली बोलतेय." पलीकडून कोणी बोलत नसे. नुसता श्वास ऐकू येई आणि फोन बंद होई. मुलींना वाटायचं, कोणी रिकामटेकडा असेल. तो फोन साहेबांच्या केबिनमधून यायचा, हे एकट्या मला ठाऊक होतं.

अशातच ती आली. प्रत्येक फोनआधी ती काय बोलायचं ते स्वतःशी पुटपुटायची, म्हणून मी तिचं नाव ठेवलं पुटपुटी. घरापासून फार लांब आली होती बिचारी. बाबांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेलं, त्यामुळे नापास होण्याची धास्ती तिच्या मानेत बसलेली. मला आपलं ते आखडणं जाणवायचं.

पहिले काही दिवस तिची फे फे उडाली. पण पोरगी जिद्दीची. ती लिलीचं बोलणं इतकं घोटत गेली की साहेब एकदा दारात थबकले आणि डोळे पुसत आत गेले. जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली, लिली, आता पहिल्यासारखी वाटतेस बघ. पुटपुटी खूश झाली. मी मात्र घाबरलो, कारण धाप लागल्यासारखी नळी सारून श्वास घ्यायची लकबही तिच्यात आली होती, आणि ती काही रेकॉर्डिंगमध्ये नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत मला गळ्यात अडकवून ती आपल्या मोबाइलवरून आईशी बोलायची. आई एकदा म्हणाली की घसा बसलाय का गं, वेगळीच बोलतेस. तिने हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर ती स्वतःच्या आवाजात काहीतरी म्हणून बघत राहिली आणि तिला तो आवाज सापडेना.

शेवटी परीक्षेचा दिवस उजाडला. साहेब केबिनमधून तिचे सगळे फोन ऐकणार होते आणि त्यावरून शेरा देणार होते. नियमाप्रमाणे तिचा मोबाइल कपाटात होता. बाबांच्या छातीत दुखतंय, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. डॉक्टर बघताहेत, काळजी करू नकोस, असं आई म्हणाली होती. अडीअडचणीला असावा म्हणून ऑफिसचा नंबर आईकडे होताच.

सकाळी तीन-चार फोन झकास झाले. मग एक वाजला.

"नमस्कार, लिली बोलतेय."

"बाई, माझी मुलगी तुमच्याकडे काम करते," पलीकडून आई बोलत होती. "तिच्या बाबांना ऑपरेशनला आत नेताहेत. दोन शब्द बोलायचेत त्यांना तिच्याशी. देता का जरा?"

 मी पुटपुटीच्या कानालाच होतो, तिची नस उडताना मला कळत होती. तिने केबिनच्या काचेकडे पाहिलं. साहेब डोळे मिटून ऐकत बसले होते. बोल गं बाई, बोल, म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण आमच्या ओरडण्याला आवाज कुठला!

तिने नळी सारली, श्वास घेतला आणि लिलीच्या आवाजात म्हणाली, "माफ करा, इथे अशी कोणी मुलगी नाही. आपला नंबर चुकला असेल."

पलीकडे कसलीशी खसखस झाली. मग आई हळूच म्हणाली, "बरं बाई. माफ करा हं."

आणि या पोरीने ठरलेलं वाक्यसुद्धा सोडलं नाही. आईला म्हणाली, नीट झोपा हं, उशीला माझा नमस्कार सांगा.

साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की इतका उत्तम शेरा त्यांनी आजवर कोणालाच दिला नव्हता. सुट्टी होताच ती कपाटाकडे धावली. तोवर बाबांना आत नेलं होतं. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊनच ऑफिसात आली. डोळे सुजलेले. घरी रात्रभर फोन चालू होता, पण ती एक गोष्ट काही तोंडातून बाहेर पडली नव्हती. साहेबांना म्हणाली, जिथे केलं तिथूनच सांगते, एक फोन करू द्या. साहेब मान हलवून केबिनमध्ये गेले. सवयीने त्यांनी ऐकायचं बटण दाबलेलं मला कळलं.

या वेळी ती पुटपुटली नाही. आईने फोन उचलताच म्हणाली, "आई, काल फोनवर जी बाई होती ना, ती मीच होते."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"तुला कळलं होतं?"

"आवाज कितीही बदल, अगं, तुझा श्वास ओळखते मी."

"मग तू ठेवलास का गं फोन? ओरडली का नाहीस माझ्यावर?"

"ओरडणारच होते. पण फोन ह्यांच्या आणि माझ्या कानाच्या मध्ये धरला होता. ह्यांनी खूण केली, राहू दे. फोन ठेवल्यावर म्हणाले, तिचा साहेब जवळ बसला असेल, उगाच अडचणीत आली असती. हसले आणि म्हणाले, पण काय छान बोलते गं आपली पोरगी."

पुटपुटी रडली. मोठ्याने, वेडीवाकडी, तिच्या स्वतःच्या आवाजात. माझे स्पंज भिजले. केबिनमधून साहेबांच्या हुंदक्याचा आवाज लाइनवर आला, आणि पलीकडून आईने विचारलं की बाळा, तुझ्याजवळ आणखी कोण रडतंय.

ती त्याच दिवशी घरी गेली. त्यानंतर साहेबांनी जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावला. प्रत्येकाला सांगितलं की लिली केव्हाच गेली. काहीजण चिडले, काहीजण रडले. आता तिथे बसणारी मुलगी आपल्या नावाने बोलते आणि नवा हेडफोन वापरते. मी खालच्या खणात पडून आहे. माझी वायर कशालाच जोडलेली नाही.

लिली माझ्यातून गेली, तिला सुटका मिळाली. पण खण बंद असला की मला अजून ऐकू येतं, "बरं बाई. माफ करा हं." ते काही जात नाही. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. तुमचं दूर गेलेलं माणूस कधी फोनवर परक्या आवाजात बोललं, तर समजूतदारपणे फोन ठेवून देऊ नका. त्याला त्याच्या नावाने एकदा हाक मारा.