दिव्यावरची पट्टी

मदिहाने गाडीला नवी चाकं बसवली, तेव्हापासून टायरच्या हवेचा पिवळा दिवा विझतच नव्हता. दुकानदार अविनाशने "काही नाही मॅडम, विझते आपोआप" म्हणत तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मात्र दिवा खरंच दिसेनासा झाला.

आज राजूर घाटात मागच्या चाकातली हवा गेली आणि गाडी कठड्याकडे ओढली गेली. शेजारी अम्मी होती. स्टेपनी लावल्यावर मदिहाने मीटर नीट पाहिलं. दिव्यावर काळी चिकटपट्टी होती.

ती तडक दुकानात गेली.

"हे काऊन लावलं?"

"तुमी सारख्या तक्रार करून राह्यल्या होत्या..."

"म्हणून मले आंधळं केलं? माही अम्मी होती गाडीत!"

अविनाशची मान खाली गेली. "हवा मोजायचे सेन्सर जुन्या चाकातच राह्यले. काढाले वेळ लागते, म्हणून..."

"मग आता काढा अन् नव्या चाकात बसवा. चारही. अन् ही पट्टीही काढा."

जुनी चाकं दुकानामागेच पडली होती. अविनाशने खुर्ची पुढे केली. तिने अम्मीला बसवलं आणि स्वतः, संतापाने कानशिलं तापलेली, दिवा विझेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली.