आखूड पायांची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. दिसायला साधी, पाठीला चार दांडे, हात नाहीत. बसल्याशिवाय कळत नाही अशी एकच गोष्ट: माझे पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा बोटभर आखूड आहेत.

जन्मले तेव्हा चारी सारखे होते. कॅनडात, मॅनिटोबातल्या आयझॅक थीसन नावाच्या सुताराने चर्चच्या जेवणघरासाठी चाळीस खुर्च्या केल्या, त्यातली मी एक. वीस वर्षं म्हातारी माणसं माझ्यावर बसून सूप प्यायली, लग्नं जुळवली, डुलक्या काढल्या. मग तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आम्ही लिलावात निघालो. मला लॉर्न हॅडोने उचललं.

हॅडो हा एका व्यावसायिक आइस हॉकी संघाचा मुख्य पारखी. दर जूनमध्ये ड्राफ्ट असतो. अठरा वर्षांच्या पोरांना सगळे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. आपल्या संघाने कोणाला घ्यायचं ते हॅडो ठरवतो. त्याने मला गॅरेजमध्ये आडवं पाडलं आणि करवत काढली. मला वाटलं, दुरुस्ती चालली आहे.

"धडधाकट खुर्चीची वाट कशाला लावतोस?" त्याच्या बायकोने विचारलं.

"हिच्यावर बसलेलं पोरगं सारखं पुढे घसरणार. घसरताना माणसाला धड खोटंही बोलता येत नाही."

तेव्हापासून मी संघाच्या कचेरीत, लांब टेबलासमोर. पोरं येतात, नवे कोट घालून. बर्फावर बैलासारखी धडकणारी ही पोरं माझ्यावर मात्र टाचा रोवून बसतात. त्यांच्या मांड्यांची थरथर टेबलाच्या पलीकडे दिसत नाही, मला कळते. "बाप दारू पितो ना तुझा? तू कधी सुरू करणार?" असे प्रश्न असतात. उत्तराकडे कोणाचंच लक्ष नसतं. सगळे चेहरा बघतात.

डेन ओलेनिक आला त्या वर्षीची गोष्ट सांगते. सस्कॅचवानमधल्या एका खेड्यातला, बारीक चणीचा. त्याला हेरलं होतं ग्लेन तोथने. ग्लेन म्हणजे हॅडोच्या हाताखालचा पारखी, गुडघे गेलेला जुना खेळाडू. हाडं गोठवणाऱ्या थंडीत गाडी हाकत त्याने डेनचे तेवीस सामने पाहिले होते. डेनच्या आईच्या हातच्या बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी खाल्ल्या होत्या. हिवाळाभर या खोलीत त्याचं एकच चाललं होतं, "याच्यासारखा पास देणारा मी दहा वर्षांत पाहिला नाही."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी हॅडो म्हणाला, "कौतुक पुरे. खोट सांग."

ग्लेनने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "फेब्रुवारीत डोक्यावर आपटला. दोन आठवडे त्याला उजेड सहन होत नव्हता. कुणाला बोलला नाही. मला गाडीत सांगितलं, आईला कळू देऊ नका म्हणाला. डॉक्टरांनी नंतर तपासलंय, आता ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवशी डेन माझ्यावर बसला. टेबलापाशी ग्लेनला बघून त्याचं अंग सैल पडलं. पहिली पाच मिनिटं बरी गेली.

मग हॅडोने विचारलं, "उजेड सहन होतो का रे आता? की दिवे मालवू?"

पोराने हॅडोकडे नाही, ग्लेनकडे बघितलं. ग्लेन कागद चाळत राहिला.

"होतो, सर," डेन म्हणाला.

"आईपासून लपवलंस. आमच्यापासून काय लपवशील?"

"काही नाही, सर."

तो घसरत पार माझ्या कडेला आला होता. पण रडला नाही आणि उठलाही नाही. बाहेर जाताना त्याने सगळ्यांचे हात हातात घेतले, ग्लेनचासुद्धा.

दार लागल्यावर हॅडो म्हणाला, "आवडला मला."

ग्लेनचा चेहरा उजळला. "मग पहिल्याच फेरीत घेऊ."

"पहिली फेरी आडदांड पोरासाठी. हा मला चौथ्या फेरीत हवा."

"तोवर तो राहतोय कुठला?"

"राहील. त्याच्या डोक्याचं दुसऱ्या संघांतल्या चार जणांच्या कानावर घाल. तपासणीचं बोलू नकोस." हॅडोने फाइल मिटता मिटता विचारलं, "तुझा करार जूनमध्येच संपतोय ना?"

ग्लेनने घातलं कानावर. याच खोलीतून, फोनवरून, खालच्या आवाजात. "पोरगा गुणी आहे हो, पण डोकं..." एवढंच म्हणून तो थांबायचा. पुढचं पलीकडचा समजून घ्यायचा.

ड्राफ्टच्या दिवशी खोली भरली. बसायला जागा उरली नाही म्हणून ग्लेन माझ्यावर बसला. भिंतीवरच्या पडद्यावर नावं येत होती. पहिली फेरी संपली, दुसरी, तिसरी. डेनचं नाव कुणी घेतलं नाही. चौथी आली. ग्लेनने त्याची फाइल पुढे सरकवली.

हॅडोने ती उघडलीच नाही. "तीन फेऱ्या सगळ्यांनी सोडला त्याला. उगाच सोडतील का? कुणाला तरी आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मी काय?"

खोलीत कुणी मान वर केली नाही. हॅडोने एका स्वीडिश पोराचं नाव सांगितलं. पुढच्या फेऱ्यांतही डेन तसाच राहिला, शेवटपर्यंत.

संध्याकाळी खोली रिकामी झाली, ग्लेन तेवढा उरला. फोन वाजला. डेनची आई होती. तिचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

"तुम्ही त्याच्यासाठी एवढं केलंत, ग्लेन. तो म्हणतोय, मुलाखतीत माझंच काहीतरी चुकलं, तुमची मान खाली गेली. माफी मागायचीय म्हणतो. फोन देऊ का त्याला?"

"नको," ग्लेन म्हणाला. "सांगा त्याला, नशीब असतं एकेकाचं." 

महिनाअखेरीस ग्लेनचा करार दोन वर्षांनी वाढला.

याला आता सहा वर्षं झाली. डेन बापाबरोबर धान्याच्या कोठारावर काम करतो म्हणे. माझा एक दांडा निखळलाय, तो तारेने बांधलाय. हॅडो निवृत्त झाला आणि जाताना मला ग्लेनच्या हवाली करून गेला. उद्या सकाळी नऊला एक पोरगं यायचंय. ग्लेनचा कागद टेबलावर पडलाय. पहिलीच ओळ आहे: 'चटकन विश्वास ठेवतो.'

मला पाय आहेत, पण चालता येत नाही. तुम्ही त्या पोराच्या ओळखीतले असाल, तर आज रात्रीच त्याला गाठा. म्हणावं, त्या माणसाने गाडीत बसवून मायेने चौकशी केली, तर हॉकीचं बोल. कुठे दुखतंय ते सांगू नकोस.