उशा किती घेता?

माझ्या भावाचं 'महाराज' हे नाव मी पाडलं. का, तर तो बसून झोपायचा. पाठीला उशा, मान जराशी कलती, हात मांडीवर. जणू दरबार भरलाय आणि प्रधानजी काहीतरी रटाळ वाचून दाखवतायत. आधी एक जास्तीची उशी पुरायची. मग दोन लागायला लागल्या, मग तीन. शेवटी मी म्हटलं, रोज ही उतरंड रचण्यापेक्षा एक लोडच शिवून टाकते. माझं गाद्या-उशांचं दुकान आहे. कापूस घरचा, दाभण घरचं, हात घरचा. त्याच्या पाठीच्या मापाचा असा लोड भरला मी, की तसा पुन्हा जमला नाही.

"ताई, तुझ्यामुळे राज्य मिळालं बघ," तो म्हणायचा.

"मिळालं ना? मग आधी अंघोळ करा, महाराज. ती भुकटी घेऊन सिंहासनावर बसायचं नाही."

तो दगडाच्या फरश्या कापायच्या कारखान्यात होता. लोकांच्या स्वयंपाकघरातले ते काळेभोर चकचकीत ओटे असतात ना, ते. संध्याकाळी दारात उभा राहिला की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ उडत नाही, पण चिखल होतो, काम रखडतं, म्हणून मुकादम नळ बंदच ठेवायचा. खोकला म्हणाल तर त्या कारखान्यात सगळ्यांनाच होता. आणि सगळ्यांनाच असलेल्या गोष्टीला आजार कोण म्हणतं?

भावजय गेली तेव्हा भिंगरी, म्हणजे भावाची मुलगी, नुकती पाय टाकायला लागली होती. तिला मीच वाढवलं. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आणि तोंड तर पायांहून जोरात चालायचं. त्यामुळे आठवीत असताना एक दिवस ती शाळेतून आली आणि काहीच बोलली नाही, तेव्हा मी आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. जेवायला वाढलं तर ताटात बोटं फिरवत बसली.

शाळेनं मुलांना वाचनालयात फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं होतं. कोणी एक बाई गावोगाव फिरून कष्टाची कामं करणाऱ्यांचे फोटो काढते म्हणे, तिचं प्रदर्शन. एवढं कसंबसं तिच्याकडून काढून घेतलं. मग ती उठली आणि झोपलेल्या बापासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, बाबा कधीपासून बसून झोपतात?"

"तुला काय करायचंय? नसती उठाठेव. ताट घासायला ठेव."

"मी लहान होते तेव्हा आडवे झोपायचे. मी त्यांच्या पोटावर झोपायचे."

मला तेव्हा राग आला तो त्या फोटोवालीचा. कोवळ्या पोरांना काय वाट्टेल ते दाखवायचं आणि निस्तरायचं आम्ही! दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि भिंगरीचा हात धरून गेले वाचनालयात. म्हटलं, बघू तरी कोण आहे ही महामाया.

भिंगरीनं मला सरळ एका फोटोपुढे नेलं. फोटोत एक माणूस भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपला होता. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. खरं सांगते, मी आधी माणूस नाही पाहिला, उशा पाहिल्या. सवय, दुसरं काय. चार होत्या. कोपऱ्यांपर्यंत कापूस नीट भरलेला, तोंडाला बारीक टाका घातलेला. कोणीतरी मायेनं भरल्या होत्या. मग माझी नजर त्या माणसाच्या भुवयांवर गेली. पांढऱ्या होत्या.

फोटोवाली बाई तिथेच खुर्चीवर बसली होती. पिकले केस, पायात झिजलेल्या चपला. मला वाटलं होतं कोणीतरी झगमगीत असेल. तरी मी तोंड सोडलंच.

"काय हो, झोपलेल्या माणसाचा फोटो काढायला लाज नाही वाटली? बिचाऱ्याला पत्ता तरी होता का?"

"त्यांनीच सांगितलं होतं तसा काढायला," ती म्हणाली. "म्हणाले, जागा असलो की मी बरा दिसतो. झोपेतला काढा, म्हणजे खरं दिसेल."

मी परत त्या उशांकडे पाहिलं. तेवढ्यात भिंगरीनं विचारलं.

"ते काका आता कसे आहेत?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी सांगत होते, बरे आहेत म्हण, बाई, तुझे पाय धरते, बरे आहेत म्हण. पण ती खुर्चीवरून उठली, भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसली.

"गेले, बाळा. दगड कापायचे. धूळ छातीत बसली. फार उशिरा कळलं." मग हळूच विचारलं, "तुझ्या घरी कोणी आहे का?"

भिंगरीनं मान डोलावली. "तर त्यांच्या छातीचा फोटो काढून घ्या," बाई मला म्हणाली. "उद्याच."

घरी येऊन सांगितलं तर महाराज खो खो हसले. हसता हसता खोकले, खोकता खोकता परत हसले.

"फोटो लग्नात काढतात, ताई. छातीचा काढून लावायचा कुठे?"

"बाबा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. फोटो काढला की माणूस आजारी पडतो. न काढलेल्या फोटोत मी बघ कसा ठणठणीत आहे! मुकादमाला नुसता वास लागू दे, दुसऱ्या दिवशी माझ्या पात्यावर दुसरा उभा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मीही त्याचीच री ओढली. वाटलं, चार दिवसांत पोर विसरेल. पण भिंगरी हट्टाला पेटली ती पेटलीच. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं सगळ्या उशा आणि माझा लोड उचलून बाहेर नेला आणि नुसती सतरंजी अंथरली.

"इथे आडवे व्हा. माझी वेणी घालून होईपर्यंत उताणे झोपून दाखवा. जमलं तर जन्मात परत फोटोचं नाव काढणार नाही."

"एवढंच? अगं, वेणी काय, तुझं लग्न होईपर्यंत झोपतो!"

तो झोपला. छताकडे बघत मोठमोठ्यानं घोरायचं सोंग करायला लागला. भिंगरी केस सोडून त्याच्या उशाशी बसली, मी पेड घालायला घेतले. मी हसत होते. सोंगातलं घोरणं थांबलं तेव्हाही हसतच होते. मग त्याचं बोट सतरंजीचा काठ ओरबाडायला लागलं. मान वर यायला लागली, खाली पडायला लागली. त्यानं जिद्दीनं दात आवळले होते. लेकीपुढे हरायचं नव्हतं त्याला. ओठ निळे पडले तरी उठेना. शेवटी भिंगरीच किंचाळली, "उठा! बाबा, उठा ना!" आणि आम्ही दोघींनी त्याला बखोट धरून बसवलं.

अर्धी वेणी तशीच राहिली. भिंगरीनं लोड परत आणून त्याच्या पाठीला लावला. मग दम घेऊन तो म्हणाला, "चला. काढू फोटो."

डॉक्टरांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या छातीत पांढरे ठिपके, ताटात मीठ सांडावं तसे. "हा दगड आता बाहेर येत नाही," डॉक्टर म्हणाले. "याला औषध नाही. आणखी आत जाऊ देऊ नका, एवढंच आपल्या हातात आहे." भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, फोटो काही चांगला नाही आला." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं.

त्यानं कारखाना सोडला. कापूस पिंजत असेन तेव्हा मी त्याला दुकानाच्या आसपास फिरकू द्यायची नाही. एरवी तो बाहेर बाकावर बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, हळूहळू खोळींना टाके घालायचा. त्याच्या शेजारच्या पात्यावरचे दोघं त्याच्या आधी गेले. ते अंथरुणावर होते तेव्हा त्यांना भेटून यायचा आणि घातलेले टाके उसवत बसायचा. भिंगरीचं शिक्षण होईपर्यंत मात्र तो टिकला. ती वर्षं त्या फोटोवाल्या बाईमुळे मिळाली, हे मला कळतं. तरी तिचा राग येतो. त्या वर्षांत आम्ही एकदाही पोट धरून हसलो नाही. काय करू? कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

मला वाटायचं भिंगरीनं शिक्षिका व्हावं. तोंड चालतंच आहे, पगार तरी मिळेल. पण तिनं छातीचे फोटो काढायचं शिक्षण घेतलं आणि सरकारी दवाखान्यात लागली. दिवसभर काळोख्या खोलीत उभं राहून म्हणायचं, श्वास घ्या, धरा, सोडा. त्या खोलीबाहेरच्या भिंतीवर, बाकासमोर, तो झोपलेला माणूस टांगला आहे. बाईला पत्र घालून मागवून घेतला तिनं. लोकांना वाटतं हेच तिचे वडील. आणि फोटो काढायच्या आधी ती प्रत्येक माणसाला एक प्रश्न विचारते. हात मोडून आलेला असला तरी विचारते.

"रात्री उशा किती घेता?"

डॉक्टर हसतात तिला. हसोत.

शेवटी महाराजांना लोडही पुरेना. पुढे वाकून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर कपाळ टेकून बसायचा. असाच एका दुपारी, भिंगरी त्याची पाठ चोळत असताना गेला. आम्हाला लगेच कळलंही नाही. खोलीत एकदम शांत झालं, तेव्हा कळलं.

शेजारपाजारचे आले. चौघांनी धरून त्याला सतरंजीवर आडवं केलं. कोणीतरी म्हणालं, "अगं, डोक्याखाली उशी द्या."

मी सवयीनं उठले. भिंगरीनं माझा पदर धरला.

"नको, आत्या. आता लागत नाही."

तेव्हा मी रडले. तोपर्यंत नव्हते रडले. तो पाय लांब करून, सरळ, उताणा झोपला होता, लहानपणी माझ्या शेजारी झोपायचा तसा. पुढे भिंतीवर लावायला म्हणून त्याचा फोटो शोधला, तर घरात छातीचा तेवढा होता.

परवा दुकानात एक जण आला. तरणा, दांडगा. आल्या आल्या थट्टा सुरू.

"मावशी, अजून एक उशी द्या. आहेत त्या पुरत नाहीत. बायको म्हणते, माझ्यासाठी पलंगावर जागाच उरली नाही!"

मी उशी काढायला हात वर नेला आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. तोंड धुऊन आला होता, पण भुवया राहिल्या होत्या.

"दगडाचं काम करता?"

"हो. का?"

मी उशी परत ठेवून दिली. समोर नवी गादी होती, अजून टाकेही पुरे झाले नव्हते. तिच्यावरचा कापूस झटकला.

"इथे जरा आडवे व्हा."

"अहो, मला उशी हवीय, गादी नको!"

"गादी विकत नाहीये मी. उशीही विकणार नाही. माझी ही टाक्यांची ओळ पुरी होईपर्यंत उताणे पडा, मग काय हवं ते फुकट न्या."

"फुकट? मग काय, झोपतो की!" तो हसला. महाराजही असेच हसले होते.

तो गादीवर पडला, हात डोक्याखाली घेतले आणि डोळे मिटून घोरायचं सोंग केलं. मी दाभणात दोरा ओवला. पहिला टाका घातला, दोरा ओढला. घोरणं थांबलं. मी वर न बघता ऐकत राहिले. गादीतला कापूस चुरचुरला, आणि डोक्याखालचा एक हात काढून त्यानं कोपरावर हळूच अंग उचललं.