डाव्या हाताची वाट

मी एक जुनी गिटार आहे आणि मी डावखुरी आहे. हसू नका, मित्रांनो! पिंपरीच्या दुकानात काचेमागे टांगलेली होते, तेव्हा मीही चारचौघींसारखीच होते. अंगावर धूळ होती आणि आपल्याइतके देखणे कोणी नाही असा तोरा होता. धम्मरत्नने पहिल्या पगारातून मला घेतले आणि निगडीला घरी आणले. आल्या आल्या त्याने माझ्या सगळ्या तारा काढून उलट्या क्रमाने लावल्या. मानेच्या टोकाशी तारा बसायच्या खाचांची एक छोटी पट्टी असते, तीही त्याने फिरवून बसवली. मला असा राग आला की कितीतरी दिवस मी मुद्दाम बेसूर राहिले.

कारण मला मागून कळले. धम्मा जन्माचा डावखुरा, पण घरात त्याला उजव्या हाताचे वळण लावलेले. त्याचे वडील भीमराज चाकणच्या एका कंपनीत फिटर आहेत. लहानग्या धम्माने डाव्या हातात पेन्सिल धरली की ते ती काढून उजव्या हातात देत. त्यांनी कधी मारले नाही, पण सोडलेही नाही. तो दबून राहिलेला हात माझ्यापाशी आला की मोकळा होई. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपत, म्हणून धम्मा मला गच्चीवर नेई आणि पाण्याच्या टाकीला पाठ टेकून वाजवी. धाकटी बहीण श्रद्धा शेजारी बसून मोठ्या आवाजात चुकीचे गाई. भीमराजांनी मुलाला वाजवताना कधीच पाहिले नाही, हे तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मग धम्माची दूर तामिळनाडूत होसूरला बदली झाली. तिथे एका खोलीत बरीच पोरे राहत, मला ठेवायला जागा नव्हती. "भीमजयंतीला येतोच," असे म्हणून त्याने मला कपाटावर ठेवले. जयंती आली आणि गेली. त्याला सुट्टी मिळाली नाही. पुढे तो सुट्टी मागेनासाच झाला. मित्रांनो, वाट पाहणे फार वाईट. जिन्यात बूट वाजले की मला वाटे, आला! खाली रस्त्यावर कोणी शीळ घातली तरी माझी एखादी तार आपोआप थरथरे.

गेल्या वर्षी घराला रंग द्यायचे ठरले. मला खाली उतरवताना भीमराजांचा हात निसटला आणि मी फरशीवर आदळले. माझी मान मोडली. त्यांनी घाबरून मुलाला फोन लावला.

"राहू द्या पप्पा, भंगारवाल्याला देऊन टाका," धम्मा म्हणाला. "आता कोण वाजवतंय?"

मान मोडली त्याहून हे जास्त लागले. भीमराज बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसले. मग श्रद्धाला म्हणाले, "ही नीट झाली ना, तर त्याला यावंसं वाटेल बघ." त्या दिवसापासून आमची दोघांची आशा एकच झाली.

आता हा माणूस सगळा लोखंडाचा. आधी त्यांनी ड्रिल मशीनच काढले. "आरपार एक बोल्ट मारतो. जन्माचं काम!"

"पप्पा, गिटार आहे ती, गिअरबॉक्स नाही!" श्रद्धा ओरडली आणि मी वाचले.

मग लाकडाचा गोंद आला. भीमराजांनी भेगेत गोंद भरला, मान क्लॅम्पमध्ये हलक्या हाताने आवळली आणि गोंद वाळेपर्यंत मला कोणाला शिवू दिले नाही. मान अशी बसली की सांधा शोधावा लागे. पण तारा लावायच्या दिवशी श्रद्धा कॉलेजला गेली होती. भीमराज मोबाइलवर व्हिडिओ पाहून एकेक तार लावू लागले. व्हिडिओत जाड तार होती तिथे माझी खाच बारीक. "असा पीस पास कसा झाला राव? क्वालिटीवाले झोपले होते काय?" असे पुटपुटत त्यांनी कानस घेतली आणि माझ्या खाचा रुंद केल्या. माझा जीव तुटत होता, पण मला बोलता कुठे येते!

रविवारी त्यांनी मोठ्या अभिमानाने मला व्हिडिओ कॉलवर धरले. धम्मा बघतच राहिला. "छान केलंत पप्पा," एवढेच म्हणाला.

श्रद्धाने जवळ येऊन पाहिले. "अहो पप्पा, तारा उलट्या झाल्या. दादा डाव्या हातानं वाजवतो!"

"डाव्या?" भीमराज गोंधळले. "तुला तर आम्ही उजव्याची सवय लावली होती."

"गिटारला नव्हती ना लावली," धम्मा हसून म्हणाला. "असू द्या. श्रद्धाला शिकू द्या तिच्यावर."

फोन बंद झाल्यावर भीमराजांनी मला उजेडात नेले. माझ्या मानेवर धम्माची बोटे घासून गुळगुळीत झालेल्या जागेवरून त्यांनी कितीदा तरी हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पितळेचा तुकडा आणून ते खिडकीशी बसले. कामावरून आले की बसत. त्यांनी नवी पट्टी घडवली, तिला उलट्या क्रमाने खाचा पाडल्या, तारा पुन्हा लावल्या. मग मला मांडीवर घेतले आणि फोन समोर ठेवून डाव्या हाताने अवघडत एकेक तार छेडली. "ऐक रे धम्मा. आता बरोबर आहे?"

पलीकडून धम्माने सगळ्या तारा पुन्हा एकदा वाजवायला लावल्या.

"तिसरी जरा उतरलीय पप्पा," शेवटी तो म्हणाला. "असू द्या. मी आल्यावर लावतो."

स्वतः ऐकले होते, तरी फोन ठेवल्यावर भीमराजांनी श्रद्धाला विचारले, "काय म्हणाला गं?"

"तिसरी तार उतरलीय."

"त्याच्या पुढं काय म्हणाला?"

"मी आल्यावर लावतो म्हणाला."

मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकू नका, जरूर दुरुस्त करा. पण ती कोणाच्या हातातली आहे, तो हात कोणता, एवढे आधी विचारून घ्या. माणसांनाही तेच विचारा.

आता मी कपाटावर नसते, दारासमोरच्या खुंटीवर असते. भीमराज दर रविवारी मला पुसतात. श्रद्धाने तिसऱ्या तारेची खुंटी पिळायला हात नेला की ते तिला अडवतात. ती तार अजून उतरलेलीच आहे.