नवरदेव पळवणारी तबकडी

गळ्याची आण, यातला एक शब्द जरी खोटा असला त माही जीभ झडो!

माह्या लग्नाच्या साली आमच्या धाड गावात कडूबा म्हणून एक म्हातारा होता. खामगावहून गाण्याची नवी तबकडी आली का भोंगेवाला आधी त्याले ऐकवे. कडूबा दोनच शब्द बोले, अन् ते खरे होत. एका तबकडीले म्हणे, "दूध नासवते." गावभर दूध नासलं. दुसरीले म्हणे, "म्हातारे नाचवते." पाटील नाचता नाचता कंबर मोडून बसले.

माह्या लग्नासाठी माह्या थोरल्या भावानं, मोतीरामभाऊनं, विलायती तबकडी आणली. नुसतं ढमढम अन् तारांचा किंकाट! कडूबानं ऐकली, चिलीम खाली ठेवली अन् म्हणे, "नवरदेव पळवते."

आई धावतच भाऊकडे गेली. "मोत्या, फोडून टाक रे ते!"

"काऊन? कडूबा काय देव हाय?"

वरात वेशीत आली अन् भाऊनं सुई टेकवली. भोंगा असा किंचाळला का बैल जागीच फिरले, अन् नवरदेवाची दमणी गाडी धूळ उडवत आल्या वाटेनं अमडापूरच्या रस्त्याले लागली. वेशीतून वरात परतली, त त्या पोरीले मंग कोण करते? मुंडावळ्या बांधून मी मांडवात उभी होती, डोळे मिटून म्हणत होती, "देवा, बैल परत आण!"

तुमचा आजा पायीच आला, फेटा काखेत मारून. "आधी ते बंद करा, मंग आत येतो!"

सगळं खरं हाय. देवाले म्हटलं ते तेवढं बनवलं. मी म्हणत होती, "देवा, बैल थांबू देऊ नको!"