समुद्राला निघालेली ताडपत्री

मित्रांनो, जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या भारतच्या घरी माळ्यावर घडी होऊन पडून असायची ती निळी ताडपत्री मीच. आता मी जुनी झाले आहे, आणि खरं सांगायचं तर पुरती वैतागलेही आहे. उंदरांनी कुरतडलं त्याचं मला एवढं वाटत नाही. उंदरांना निदान आपल्याला काय हवं ते ठाऊक असतं. वैताग आहे तो माणसांच्या बेतांचा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या चपट्या धाग्यांनी मला विणलं, दोन्ही अंगांना लेप चढवला, कडेने पितळी कड्या ठोकल्या. जालन्याच्या बाजारातून मला घरी आणलं ते भारतच्या बायकोने, ज्योत्स्नाने. ती घरी शिलाई मशीन चालवते. ब्लाऊज शिवून साठवलेले पैसे मोजून देताना तिने दुकानदाराला दरडावून विचारलं होतं, "पाणी बिलकुल झिरपणार न्हाई ना?" मी मनात म्हटलं, बाई, एकदा पावसात नेऊन तर बघ.

आणि मी शब्द राखला. परतीच्या पावसात सोयाबीनच्या ढिगावर पसरले आणि एक दाणा भिजू दिला नाही. भीमजयंतीला पंगतीखाली बसले, लेकीच्या, पायलच्या वाढदिवसाला मांडव झाले. भारत चारचौघांत म्हणायचा, "ताडपत्री असावी तर अशी!" कौतुक संपलं की मात्र मला ओलीच घडी घालून माळ्यावर फेकायचे. पुढच्या वर्षी मला खाली काढताना हीच मंडळी नाकाला रुमाल लावायची. अरे, ओलं ठेवलं कोणी? मी स्वतःहून का भिजत पडले होते?

पण माझा खरा छळ केला तो समुद्राने, मी कधी न पाहिलेल्या. ज्योत्स्नाला समुद्र बघायचा होता. लग्न झालं तेव्हाच भारतने तसा शब्द दिला होता. दरवर्षी सोयाबीन घरात आलं की बेत शिजायचा, मला खाली काढायचे, झटकायचे, आणि मग काहीतरी उपटायचंच. एका वर्षी भावकीतलं लग्न, एका वर्षी विहिरीवरची मोटार जळाली, एका वर्षी कोणाच्या तरी पोराचं बारसं. "पुढल्या वर्षी बराबर जाऊ," असं भारत म्हणायचा आणि मी पुन्हा माळ्यावर जायची. त्या दिवशी ज्योत्स्नाचं मशीन जरा जोरात चालायचं.

यंदा मिथुनने मोबाईलवर एक व्हिडिओ आणला. मिथुन म्हणजे भारतचा जीपवाला दोस्त. कोकणातल्या दोन डोंगरांच्या कुशीत दडलेला इवलासा किनारा होता तो. तिथे ना हॉटेल, ना दुकान, ना माणूस.

"राह्यचा खर्चा शून्य," मिथुन म्हणाला. "डिझेल तेवढं टाकायचं. तंबू कशाला लागतो? वहिनीची ताडपत्री हाय ना."

"अन् प्यायचं पाणी?" भारतने विचारलं.

"वाळू हाय ना! झिरा खांदू."

नदीच्या वाळूत खड्डा खणला की तळाशी गोडं पाणी साचतं, तो झिरा. आमच्याकडे कैक उन्हाळे लोक त्याच्यावर जगले. पण समुद्रावर झिरा? ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, पण समुद्र खारट राह्यतो म्हणतेत."

"समुद्र खारट राह्यतो वहिनी, वाळू न्हाई," मिथुनने तिला समजावलं. मी माळ्यावर कपाळ बडवून घेतलं असतं, पण ताडपत्रीला कपाळ नसतं.

मग भारतची आई, गिरिजाबाई, म्हणाल्या, "जायचं तर पुनवंलाच जायचं. बुद्धवंदना घेऊ अन् निघू." भारतला ते फारच पसंत पडलं. चांदणं असलं की बॅटरीचा खर्चा वाचणार होता. कुठे झोपायचं तेही त्याने ठरवून टाकलं. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झोपण्यात त्याचं बालपण गेलेलं. "पाण्याजवळच्या ओल्या वाळूत तंबू ठोकू. तिथं खुंट्या घट्ट बसतेत. कोरड्या वाळूत उपटून येतेत."

घरात एक मुलगी शाळेत जाते, तिला काही विचारावं, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि पायलही शेंगा खात मजेत ऐकत बसली होती.

"आधी नदीत लावून बघू," एवढं ज्योत्स्नाने मात्र धरून ठेवलं. म्हणून एका रविवारी सगळी वरात गावाजवळच्या नदीत उतरली. ओली वाळू पाहून मला दोरीवर ताणलं, खाली चादरी अंथरल्या. मिथुनने झिरा खणला, गोडं पाणी लागलं, तसा तो नाचायलाच लागला. भाकरी, ठेचा, भरली वांगी असं रीतसर जेवण झालं आणि मंडळी माझ्या सावलीत आडवी झाली.

वरच्या बंधाऱ्याची एक फळी तेवढ्यात निखळली होती. पाणी आवाज न करता सरकत आलं. माझी खालची कड भिजली तशी मी जिवाच्या आकांताने फडफडले.

"वारा मस्त सुटला," भारत म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

मग गिरिजाबाई ओरडल्या, "माय माय! हे वलं कसं झालं?"

"वहिनी, तुमची ताडपत्री गळायली!" मिथुन म्हणाला.

मित्रांनो, आयुष्यात एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता. मी वर होते! पाणी खालून येत होतं! भर पावसात ज्या पाठीने थेंब आत येऊ दिला नाही, तिच्यावर हा आळ!

सगळे काठाकडे पळाले. मला सोडवायला मात्र एकटी ज्योत्स्ना गुडघाभर पाण्यात थांबली. ती मला ओढत काठावर आली तेव्हा मिथुनचा झिरा बुडाला होता आणि वांग्यांचं पातेलं डुलत डुलत खालच्या गावाला निघालं होतं. पायल त्याच्याकडे बघत राहिली. मग परीक्षेत उभी केल्यासारखी ती एकदम म्हणाली, "पौर्णिमा व अमावास्येला सर्वांत मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती असे म्हणतात."

सगळे तिच्याकडे वळले.

"हे कुठं लिवलंय?" भारतने विचारलं.

"भूगोलात. पेपरात आल्तं. मला पूर्ण मार्क पडल्ते."

"मंग आधी का न्हाई सांगितलं?"

"मला काय माहीत पप्पा, ते खऱ्या पाण्याबद्दल हाय म्हणून!"

भारतने ओला सदरा पिळला. "जाऊ द्या. पोरीबाळी घेऊन जीव द्यायचा का? यंदा राहू द्या."

ज्योत्स्ना मला झटकत होती. तिचे हात थांबले. "पायल, सगळ्यात लहान भरती कव्हा येती?"

"अष्टमीला."

"अष्टमीबी उपोसथाचीच, पुनवंसारखी उपासाची," गिरिजाबाई म्हणाल्या. "काही बिघडत न्हाई."

अष्टमी ठरली. झोपायचं ते वर, कोरड्या टणक जमिनीवर, आणि पाणी घरूनच कॅन भरून न्यायचं. ज्योत्स्नाने मला गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, उंदरांनी पाडलेल्या भोकांना मशीनवर ठिगळं लावली. कोरड्या अंगाने घडी होण्याचं सुख काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. तिने मला उंबऱ्याशी ठेवलं.

आणि अष्टमी तोंडावर आली तेव्हा भारत बाहेरून आला तो मान खाली घालूनच. "चुलत्याच्या पोराचा साखरपुडा निघाला त्याच दिवशी. आता भावकीत न्हाई कसं म्हणायचं? पुढल्या वर्षी बराबर जाऊ." असं म्हणत त्याने मला खांद्यावर उचललं आणि तो माळ्याकडे वळला. मला रडायलाच आलं.

मशीन थांबलं.

"ती खाली ठेवा," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ताडपत्री माझी हाय, माझ्या शिलाईच्या पैशाची. तुम्हाला साखरपुड्याला जायचं तर जा. मी, आत्याबाई अन् पायल मिथुनभाऊच्या जीपनं समुद्रावर चाललो."

तिच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई गिरिजाबाईंनी, आपली चादर घडी घालून उंबऱ्याशी ठेवली. भारत मला खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने मला अलगद त्या चादरीशेजारी ठेवलं आणि विचारलं, "पाण्याचा कॅन कुठंय? धुवून भरून ठेवतो."

मशीन पुन्हा सुरू झालं, पण जोरात नाही.

मित्रांनो, आज मी जीपच्या टपावर बांधलेली आहे, आणि आत पाण्याच्या कॅनशेजारी भारतही बसला आहे. समुद्र कसा असतो ते मला अजून माहीत नाही. पण तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला उन्हात वाळवा आणि मगच घडी घाला, एवढं माझं मागणं आहे. आणि घरातल्या कोणाला काही शब्द दिला असेल, तर तो माळ्यावर टाकू नका. तिथे उंदीर असतात.