शंभरातल्या तीन वेळा

माझ्या पाठीवरच्या कागदी पट्टीचा एक कोपरा साधारण दीड सेंटिमीटर सुटला आहे. पंखा सुरू झाला की तो थरथरतो. पट्टीवर लिहिले आहे : 'फक्त चाचणीसाठी. काहीही पुसले तरी चालेल.'

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. उमेदीची वर्षे मी एका रक्ततपासणी केंद्रात काढली. हजारो माणसांचे अहवाल सांभाळले. एकही हरवला नाही. पुढे मी मंदावले आणि या चाचणीच्या खोलीत आले.

फाइल वाढू लागली की तिला मिळेल तिथे जागा मिळते. तिचे तुकडे माझ्या अंगभर विखुरतात आणि ते गोळा करताना माझा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून एक नवी सोय तयार झाली. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी, तशी फाइलसाठी सलग जागा आधीच धरून ठेवायची. त्या सोयीचा प्रोग्राम लिहिला चाचणी करणाऱ्या बाईंच्या धाकट्या नणंदेने. तीन वर्षे ती त्यासाठी राबली. वहिनीने पास म्हटले की सोय दवाखान्यांच्या संगणकांवर जाणार होती.

फाइल काढून टाकली तरी तिचा मजकूर माझ्यावर तसाच राहतो. यादीतून नाव तेवढे जाते. म्हणून धरलेली जागा, तिच्यात नवे काही लिहिले जाईपर्यंत, कोरीच दिसली पाहिजे. लिहिणे चालू असताना बाई मधेच वीज तोडून हे तपासत. जागा नेहमी कोरी दिसे. पण चाचणीआधी त्या प्रत्येक डिस्क स्वच्छ पुसून घेत. जुने काही उरलेलेच नाही, तर दिसणार कुठून? हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

मला पुसायला नऊ तास लागतात. आठ दिवसांपूर्वी माझी पहिलीच चाचणी होती आणि घाई होती, म्हणून बाईंनी मला तशीच जोडली. वीज तोडली, पुन्हा सुरू केली. नव्या फाइलमध्ये एका मुलीचे नाव उमटले, वय उमटले आणि तिच्या घरच्यांनीही जे कुजबुजतच उच्चारले असेल, त्या आजाराचे नाव उमटले. 'लिहून झाले' ही खूण मजकुराच्या आधीच माझ्यापर्यंत पोहोचली होती, म्हणून त्या जागेतला जुना अहवालच नवा म्हणून दिसला.

बाईंनी शंभर वेळा करून पाहिले. तीन वेळा तसेच झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर. रोज शंभर. एखाद्या दिवशी तरी ते तीन नाहीसे होतील, या आशेवर त्या मला पिळत राहिल्या. माझ्यातून आता टकटक आवाज येतो. माझे दिवस भरले आहेत, हे मला कळते. आठ दिवस मी मनात आक्रोश करते आहे, की बाई, बोला! ती माणसे माझ्या भरवशावर होती. पण मला टकटकीपलीकडे वाचा नाही.

आज दुपारी नणंद आत आली.

"वहिनी, सोड गं त्या म्हातारीला! जीव जाईल तिचा."

"हं. जेवलीस का तू?"

"विषय बदलू नकोस. घरी गप्प, इथे गप्प. दादा विचारत होता, तुमचं दोघींचं बिनसलंय का म्हणून."

"त्याला काय, काहीही सुचतं."

"मग हो म्हणून टाक ना एकदाचं. उद्या पाठवायचंय."

बाईंनी संगणकाचा पडदा बंद केला. त्यांचा हात माझ्यावर होता.

मित्रांनो, जुने यंत्र टाकताना त्यात कुणाकुणाचे काय राहिले आहे, याचा विचार करा. ते आधी नीट पुसा. आम्हाला आपणहून विसरता येत नाही.

तेवढ्यात कंपनीचे साहेब दारात आले आणि बाईंना म्हणाले, "काय ताई, पाठवायचं ना उद्या?"

"पाठवायचं म्हणजे काय, पाठवायचंच!" नणंद हसून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग पडदा पुन्हा उघडला आणि तिच्याकडे वळवला.

"चिमणे, हे वाच. ही मुलगी आपली कुणीच नाही, आणि तिचं सगळं आपल्याला कळतंय. मी हे पास करणार नाही."